मीठ फुटलेली जागा

आमच्या गुलाबप्रेमी मंडळात गुलाबांपेक्षा नियम जास्त आणि नियमांपेक्षा पदाधिकारी जास्त. मी आपली साधी सभासद. दैवशाला माझं नाव. जन्मभर जालन्यात लोकांचे ब्लाऊज शिवले, डोळे दगा द्यायला लागले तेव्हा मशीन झाकून ठेवली, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तर चालत चालत पोचले ती थेट कबरस्तानात. पुण्याच्या लेकीला हे कळलं तेव्हा ती फोनवर ओरडली, "आई, तुला चालायला दुसरी जागा नाही मिळाली?" म्हटलं, इथे निदान कुणी मध्येच अडवून "बाही जरा सैल करून द्या" म्हणत नाही.

हे कबरस्तान छावणीच्या काळातलं, गोऱ्यांचं. पलटण गेली, साहेब गेले, त्यांची माणसं तेवढी इथल्या मातीत राहिली. कितीतरी वर्षं आत वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि बाभळींच्या आडोशाला पत्त्यांचे डाव चालायचे. मग मंडळाच्या लोकांनी श्रमदान करून सगळं साफ केलं. तेव्हा एका मेमसाहेबाच्या कबरीवर जुना गुलाबी गुलाब जिवंत सापडला. कुणी लावला, कधी लावला, देव जाणे. त्याला बघून सगळ्यांना सुचलं की इथे गुलाबाची बागच करू या. सरकारी खात्यानं परवानगी दिली, पण सोबत एक हिरवी पाटीही दिली आणि ती फाटकाशी ठोकायला लावली.

पाटीवर नियम. कबरीपासून दोन हातांच्या आत काही लावायचं नाही. फूटभरापेक्षा खोल खणायचं नाही, खणायचंच तर खात्याच्या साहेबांची परवानगी. कंपाउंडच्या भिंतीला लागून झाड नको. फक्त जुने वाण. वाफ्यात मोकळी जागा दिसता कामा नये. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरात: नवीन दफन, नवीन दगड, नवीन खूण करण्यास सक्त मनाई. आमचा सेक्रेटरी कल्याण हे सगळं घडाघडा म्हणून दाखवतो. बियाण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे, शेतकी शिकलेला, तिशीतला. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी माती तपासायचं यंत्र असतं. मी त्याला म्हणायचे, "कल्याण, लग्नात अंतरपाट धरला की आधी नवरीच्या पायाखालची माती तपासशील तू." तो हसायचा. चांगला पोरगा. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल आणि तो राग ठेवायचा कुठे हे मला अजून कळलेलं नाही.

भिंतीला लागून झाड नको, असं पाटी म्हणत होती. पण मागच्या भिंतीपाशी एक गुलाब होताच. मंडळ व्हायच्या आधीपासून होता. मेमसाहेबाच्या गुलाबाचाच तो वाण, तसाच फिका गुलाबी, तसाच वासाचा. त्याच्याशेजारी पाळण्याएवढी जागा अगदी बोडकी. गवतसुद्धा यायचं नाही. उन्हाळ्यात तिथे मातीवर पांढरी पापडी धरायची. त्या गुलाबाला रोज पाणी घालायला साखराबाई यायची.

साखराबाई मेंढपाळाची बायको. मूळची हसनाबादकडची. नवरा इंद्रभान मेंढरं घेऊन जिल्हाभर फिरतो. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, त्या रानाला खत मिळतं, यांना धान्य मिळतं. आता बरीच वर्षं त्यांनी कबरस्तानामागच्या पडीक जागेत पत्र्याचं खोपट केलंय. ती चाळिशीची असेल. मंडळाच्या मीटिंगला बसायची नाही, फोटोत यायची नाही. नळावरून डबा भरायचा, तो भिंतीपाशी न्यायचा, ओतायचा आणि जरा वेळ उकिडवं बसून राहायचं. मला वाटायचं, हिलाही माझ्यासारखं घरात करमत नसेल.

पाऊसकाळ सरता सरता खात्याचा निरोप आला. परवानगी वाढवून हवी असेल तर साहेब येऊन पाहणी करणार, आणि नियमाबाहेरचं एकही रोप दिसलं तर मंडळाला रामराम. कल्याणनं सगळी बाग पायाखाली घातली. भिंतीपाशी येऊन थांबला आणि म्हणाला, "काकू, हे काढावं लागेल." मी "बरं" म्हणून गेले. गुलाबच तो, दुसरा लावू. संध्याकाळी साखराबाई आली तेव्हा मी तिला सहज सांगितलं.

तिच्या हातातला डबा तिनं खाली ठेवला. ओतला नाही, नुसता ठेवला.

"आक्का," ती म्हणाली, "ते झाड काढू नका."

"अगं, नियम आहे. पाटीवर लिहिलंय. बाकीचे आहेत की एवढे गुलाब."

"ह्याच्याजवळ माझी रेणू हाये."

मला आधी कळलंच नाही. मग ती बोडकी जागा माझ्या डोळ्यांसमोर आली.

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. "आमी मागच्या पडीकात मेंढरं बसवल्ती. रेणू आठ महिन्याची व्हती. ताप आला. दवाखान्यात न्हेली, तितून तशीच वापस आणली. आता लहान लेकराला जाळीत न्हाईत, पुरावं लागतं. पण पुराया बी जागा लागती ना आक्का? आपलं रान असतं तर बांधाला पुरलं असतं. दुसऱ्याच्या रानात कसं पुरावं? आज पुरलं, उद्या नांगर घालत्याल. हसनाबाद लांब, मेंढरं कोणावर टाकून जावं? हे नुसते उभे. मंग हितला राखणदार म्हातारा आल्ता, तो म्हणला, बाई, आत ये. हितं कदी नांगर येत न्हाई."

राखणदार वारला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानं तिला जागा निवडायला सांगितलं. भिंतीजवळ गोऱ्याच्या एका तान्ह्या लेकराची कबर आहे, संगमरवराची, आणि वर दगडाचं कोकरू बसवलंय. पाय मुडपून, मान वळवून बसलेलं. साखराबाईनं ते पाहिलं. "म्या म्हणलं, हितंच. लेकराजवळ कोकरू हाये, करमंल तिला."

लहान मुलाला पुरताना मीठ घालतात, आमच्याकडेही घालतात. कुत्र्यानं उकरू नये, माती लवकर माती व्हावी म्हणून. पण त्या दोघांकडे शेर-मापाचं मीठ नव्हतं, मेंढरांना चाटायला आणलेलं खड्याचं अख्खं पोतं होतं. इंद्रभान म्हणाला, अर्धं ठेव. ती म्हणाली, सगळं घाल. सगळं घातलं. वर आपल्या चुलीपुढचा वाटायचा पाटा ठेवला. तो मधोमध फुटून अर्धाच राहिला होता, पण दुसरा दगड शोधायला कोण जाणार? पाट्यावर माती लोटली. बाहेर दिसेल अशी एकही खूण ठेवली नाही, कारण जागा दुसऱ्याची.

"त्या साली मेंढरांनी मीठ चाखलं न्हाई," ती म्हणाली. "जीभ काढून नुसतं माझ्याकडं बघायची."

पुढच्या वर्षी तिनं मेमसाहेबाच्या गुलाबाची काडी तोडून लेकीच्या डोक्यापाशी खोचली. जळाली. दुसरी खोचली, तीही जळाली. मिठात झाड येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं दोनदा करून बघितलं. तिसरी काडी तिनं हातभर बाजूला लावली. ती धरली. रेणू असती तर आता आठवीला बसली असती.

मी म्हणाले, "आपण साहेबांना सांगू. माणसंच आहेत ती. लेकराची जागा आहे म्हटल्यावर कोण हात लावेल?"

"तुमीच वाचून दाखवल्तं मला," साखराबाई म्हणाली. "लाल अक्षरातलं. नवं दफन बिलकुल न्हाई. म्या सांगितलं तर म्हणत्याल, तुमचं तुमी काढून न्ह्या. कुठं न्हेऊ? आन तिला पुन्यांदा बाहेर काढू?"

 पोरीची जागा आहे म्हणून सांगावं तर ती बेकायदा. नुसता गुलाब आहे म्हणावं तर तो नियमाबाहेर. गोऱ्याच्या लेकराचं नाव दगडावर, वय महिन्यांसकट, आणि त्याच्याभोवती दोन हात सोडायचा सरकारी नियम. इथलंच मेलेलं आपलं लेकरू मात्र चोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण साखराबाईनं माझा हात धरला होता.

"तुमच्या लेकीची शपथ घ्या. कोणाला बोलायचं न्हाई. झाड तेवढं वाचवा. झाड राह्यलं तर ती जागा कोणी उकरणार न्हाई."

मी शपथ घेतली. तिथे दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गाठलं. "भिंतीजवळच्या त्या गुलाबाला हात लावायचा नाही."

"काकू, नियम..."

"नियम तुझ्या खिशात ठेव. त्या झाडाला हात लावायचा नाही म्हणजे नाही."

"पण कारण तर सांगा. साहेबांनी त्याच्यावर बोट ठेवलं तर मी काय सांगू?"

"मी म्हणते हे कारण. एवढी वर्षं तुझ्या बागेतलं गवत उपटतेय, काही मागितलंय का तुझ्याकडे?"

 त्यानं डोकं खाजवलं. आणि मग पोरगा खरंच कामाला लागला. मेमसाहेबाच्या कबरीवरचा मूळचा गुलाब गेल्या उन्हाळ्यात वाळून गेला होता, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो होतो. म्हणजे त्या वाणाचं भिंतीजवळचं हे एकच झाड उरलं होतं. हे कल्याणच्या लक्षात आलं. आनंदानं त्याचा चेहरा असा फुलला की मलाही वाटलं, सुटलो. "काकू, आता बघाच तुम्ही. साहेब स्वतः म्हणतील, ठेवा."

पाहणीच्या वेळी मी नव्हते. माझ्या भाचीचं लग्न आष्टीला होतं, चार दिवस आधीच जावं लागलं. साखराबाईही नव्हती. अंकुशनगरकडे ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानांत मेंढरं न्यायची होती, ती इंद्रभानबरोबर गेली. जाताना तिनं मला झाडाकडे बोट करून दाखवलं.  मी मान हलवली.

लग्नात बँड वाजत असताना कल्याणचा फोन आला. मी कानात बोट घालून मंडपाबाहेर पळाले.

"काकू, झाड वाचलं! साहेबांना म्हणलो, आईचं एकच लेकरू राह्यलंय साहेब. खूश झाले. स्पेशल परवानगी देऊन राह्यले. फक्त त्याला रीतसर वाफा..." पुढचं बँडमध्ये गेलं. मी तरी कशाला ऐकतेय? मला हवं ते ऐकून झालं होतं. मी तिथूनच इंद्रभानच्या मोबाइलवर फोन लावला आणि साखराबाईला ओरडून सांगितलं, "वाचलं गं! झाड वाचलं!"  पलीकडून मेंढरांचा आवाज आला आणि मग तिचं हसणं. तिला हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी मंडपात परत येऊन रक्तात साखर असतानाही दोन जिलब्या खाल्ल्या.

परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी एकदमच फाटकात भेटलो; त्यांची मेंढरंही आदल्या दिवशीच परतली होती. साखराबाईनं फडक्यात धपाटे बांधून आणले होते. "कल्याणभाऊसाठी," ती म्हणाली. "लई केलं त्यांनी." कल्याण आमची वाटच बघत होता. त्यानं फडकं सोडून लगेच एक धपाटा तोंडात घातला आणि भरल्या तोंडानं "चला, चला, दाखवतो" म्हणत निघाला.

साखराबाई म्हणाली, "पुढं व्हा. म्या पाणी घिऊन येते." ती डबा घेऊन नळाकडे वळली.

मी पुढे गेले आणि लांबूनच माझे पाय थांबले. गुलाब जागेवर होता. एक पान हललेलं नव्हतं. पण त्याच्याभोवती विटांचा तिरपा काठ लावलेला लांबरुंद वाफा होता, आणि वाफ्यात कुठेच बोडकी जागा नव्हती. लालभडक, भुसभुशीत, ओली माती होती. तिच्यात नवी रोपं ओळीनं लावली होती.

"झाडाला हात नाही लावला काकू," कल्याण म्हणाला. "तुम्हाला शब्द दिल्ता ना. एक मुळी तुटू दिली नाही, मी स्वतः उभा राहून खणून घेतलं. बाजूची माती तेवढी बदलली. साहेब म्हणाले, वाफ्यात मोकळी जागा नको. मी यंत्र लावलं तर काय, जमिनीला मीठ फुटलेलं! असलं मीठ मी आख्ख्या जालन्यात पाहिलं नाही. वरवर करून उपयोग नव्हता, चांगली कमरेइतकी खोल काढली. साहेबांनी लगेच परवानगी दिली. म्हणून तर त्या झाडाची पानं कडेनं जळायची! एवढी वर्षं बिचारं मिठाशेजारी उभं होतं."

मला ओरडायचं होतं.  मी मागे वळून नळाकडे बघितलं.

साखराबाई नळापाशी उभी होती. डबा भरून वाहत होता. ती डब्याकडे बघत नव्हती, डब्याखाली बघत होती. नळाखाली चिखल होऊ नये म्हणून तिथे नवीन दगड बसवला होता. सपाट, मधोमध फुटलेला, वरच्या अंगाला पाथरवटाच्या टाकीचे बारीक खड्डे. आपल्या हातानं वर्षानुवर्षं मिरच्या वाटलेला पाटा कोणत्या बाईला ओळखू येत नाही?

ती पाण्यात खाली बसली. दोन्ही हात पाट्यावर ठेवले.

कल्याण धावत गेला. "मावशी, चक्कर आली का? अहो, उठा, भिजाल."

"हा कुठं घावला?"

"हा दगड? तिथंच, खड्ड्यात. मस्त सपाट निघाला, म्हणलं नळाला होईल."

"त्याच्याखाली काय व्हतं?"

"काही नाही. माती. खालची तर नुसती पांढरी, भुरभुरीत."

"माती कुठंय?"

"ती काय कामाची? ट्रॉलीवाल्याला दिली. बायपासच्या भरावाला घेऊन गेले ते."

मग मी शपथ मोडली. राखण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा मोडली. "कल्याण," मी म्हणाले, "तिथं हिची लेक पुरलेली होती."

त्याच्या हातात अर्धा धपाटा होता. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. खिशात ठेवावा तर खिशात यंत्र. तो तसाच धपाटा धरून उभा राहिला, आणि त्याचे ओठ वाकडे झाले, आणि तो रडायला लागला. "मला कोणी सांगितलं का नाही?" तो म्हणत होता. "काकू, मला एकदा तरी सांगायचं." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

साखराबाई त्याच्यावर ओरडली नाही. तिनं नळ बंद केला. पदर पिळला. "चला," ती म्हणाली. "ती उघडी पडली आसंल. तिच्यावर मीठ घालावं लागंल."

आम्ही आधी तिच्या खोपटावर गेलो. इंद्रभान मेंढरांपाशी होता. तिनं त्याला दोन शब्दांत सांगितलं. त्यानं फेटा काढून हातात घेतला, पुन्हा बांधला, पुन्हा काढला. तिनं कोपऱ्यातली मिठाची पिशवी उचलली, कालच आणलेली, मेंढरांची. ती काखेत मारून निघाली. इंद्रभान आला नाही. मेंढरं सोडून कसा येणार?

बायपासच्या भरावापाशी ट्रॅक्टरवाला भेटला. कल्याणनं त्याला विचारलं, कबरस्तानातली माती कुठे टाकली. तो म्हणाला, "कोणती माती? हितं दिवसभर ट्रॉल्या येऊन राह्यल्या. हिकडं टाकली असंल न्हाई तर तिकडं." त्यानं हात लांबवला. हाताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता भराव होता, काळी, लाल, मुरमाड, सगळी माती एकात एक, आणि तिच्यावरून रोलर फिरून गेलेला. पलीकडे तो अजून फिरत होता. पुढे जात होता, मागे येत होता.

साखराबाई भरावावर चढली. खाली बघत चालायला लागली. मधेच वाकून मातीचं ढेकूळ उचलायची, जिभेला लावायची, टाकून द्यायची. मला आधी कळलं नाही ती काय करतेय. मग कळलं आणि मी तोंडाला पदर लावला. ती खारट माती शोधत होती. कल्याणनं खिशातलं यंत्र काढलं आणि तोही जागोजागी टोचत तिच्यामागे चालायला लागला. रडत होता आणि टोचत होता. मुकादम ओरडला, "ओ बाई, रोलर येऊन राह्यला, सरका!" ती सरकली. रोलर गेला की पुन्हा आली. बरंच पुढे जाऊन ती थांबली. तिच्या ओठांना काळी माती लागली होती.

"आक्का, सगळी सारखीच लागती," ती म्हणाली. "कुठं घालू?"

 पोतंभर मीठ असतं तरी एवढ्या रस्त्याला पुरलं नसतं. तिनं पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं आणि उतरली.

तो रस्ता आता सुरू झालाय. पुण्याला जाताना माझी गाडी त्याच्यावरूनच जाते. तेवढा वेळ मी पाय वर उचलून धरते. शेजारची माणसं बघतात, बघू देत. कल्याणनं मंडळ सोडलं. भिंतीजवळचा गुलाब मात्र असा माजलाय की बघत राहावं. पानं आता कडेनं जळत नाहीत. साहेबांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि त्याला नावाची पाटी लावली. पाटीवर मेमसाहेबाचं नाव आहे. साखराबाई तिथे पुन्हा पाऊल टाकायला आली नाही, आणि मी चालायला दुसरी जागा शोधली.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. भरावावरून परत येताना ती वाटेत कबरस्तानात शिरली. नळाखालचा पाटा तिनं एकटीनं उचकटून काढला. मला हात लावू दिला नाही, कल्याणला तर नाहीच. पाटा डोक्यावर, पिशवी काखेत, अशी ती पडीकात आली; मी मागोमाग गेले, कल्याण फाटकाशीच थांबला. इंद्रभान फेटा मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "घातलं का?"

ती म्हणाली, "न्हाई घावली."

त्यानं मान खाली घातली. मेंढरांना मिठाचा वास लागला होता, ती उठून जवळ यायला लागली. साखराबाईनं पाटा जमिनीवर ठेवला, पदरानं त्याच्यावरचा नळाचा चिखल पुसला. मग पिशवी सोडली आणि सगळं मीठ पाट्यावर ओतलं.

"खा गं बायांनो," ती मेंढरांना म्हणाली. "तवा तुमचंच घेतल्तं."

मेंढरं दाटीवाटीनं पाट्याभोवती आली आणि चाटायला लागली. आम्ही तिघं बघत बसलो. मीठ सरलं तरी ती पाटा चाटतच होती.